गणपतीला गावी जाण्यापूर्वी

ठाणे,
नारळी पौर्णिमा

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझी कोकण रेल्वेची तिकिटे पक्की झाली आणि यंदा तुम्ही चौघेही बारा दिवस कणकवलीला राहणार, हे वाचून फार बरे वाटले. मात्र तेवढे दिवस डोंबिवलीचे घर बंद राहणार, आणि त्याबद्दल 'मोठे कुलूप आणले आहे, काळजी नाही' असे तू जे सहज लिहून गेलास, त्या एका वाक्यापायी हे पत्र लिहायला बसलो आहे. गेल्या वर्षी निघताना मीही अगदी हेच म्हणालो होतो.

घरफोडी झाली एवढेच तेव्हा तुला फोनवर सांगितले; कशी झाली, हे सांगण्याच्या मनःस्थितीत मी नव्हतो. गौरी जेवणाच्या दिवशी सकाळी शेजारच्या काकूंचा फोन आला. त्यांच्या दाराला कोणीतरी बाहेरून कडी लावली होती; दूधवाल्याने ती काढल्यावर त्या बाहेर आल्या, तेव्हा त्यांना आमचे दार अर्धवट उघडे दिसले. मजल्यावरच्या तिन्ही शेजाऱ्यांच्या कड्या चोरांनी आधी बाहेरून लावून घेतल्या होत्या, म्हणजे आवाज झाला तरी मदतीला कोणी येऊ शकणार नाही. मिळेल त्या गाडीने मी ठाण्याला पोहोचलो. उंबऱ्याशी सर्वात आधी दिसले ते माझे कुलूप. जाडजूड, पितळी, मुद्दाम निवडून आणलेले ते कुलूप जसेच्या तसे बंद होते; त्यात अडकलेला कोयंडा फरशीवर पडला होता आणि कोयंड्याच्या भोकांतून चार स्क्रू लोंबत होते, प्रत्येक जेमतेम अर्ध्या इंचाचा, मळसूत्रात लाकडाचा भुसा भरलेला. पंचनाम्याला आलेल्या हवालदारांनी तो कोयंडा पेनाच्या टोकाने उचलून दाखवला आणि म्हणाले, "साहेब, कुलूप एक नंबर आहे तुमचं. पण त्यानं कुलपाला हातसुद्धा लावलेला नाही." कटावणीचे टोक कोयंड्याखाली घालून एकदा दाबले की काम झाले. वर्तमानपत्रात आपण 'कडी-कोयंडा उचकटून' हे शब्द इतक्या वेळा वाचतो, पण आपल्या दारावरचा कोयंडा कशाच्या जोरावर उभा आहे, हे कोणी बघत नाही.

बाहेर लोंबणारे कुलूप घराचे रक्षण त्याच्या स्क्रूंइतकेच करते, आणि शिवाय घरात कोणी नाही ही बातमी जिन्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला देते. म्हणून मी सुताराकडून दाराच्या जाडीतच बसणारे कुलूप लावून घेतले. बाहेरून किल्लीचे भोक तेवढे दिसते. घरात माणसे आहेत की नाहीत, हे त्यावरून समजत नाही. त्याचा दांडा चौकटीत ज्या पट्टीत शिरतो, त्या पट्टीला चौकटीत खोलवर जाणारे तीन इंची स्क्रू मी समोर उभा राहून मारून घेतले, कारण दांडा कितीही भक्कम असला तरी पट्टी लेचीपेची असेल तर पुन्हा तीच गत होते. तुला कोयंडाच ठेवायचा असेल, तर त्याला दारातून आरपार जाणारे बोल्ट घाल. नट आतल्या बाजूला आणि बाहेरची डोकी गोल, म्हणजे पाना लागणार नाही. दाराला बाहेरून लागणारी जुनी कडी असेल तर ती काढूनच टाक, आणि मजल्यावरच्या इतरांनाही तसे सांग.

आमचेच घर चोरांनी का निवडले, हा प्रश्न हिला बरेच दिवस छळत होता. त्याचे उत्तर दाराशेजारच्या खिळ्याला टांगलेले होते. निघताना दूध बंद केले, वर्तमानपत्र बंद केले, पण फुलपुडीवाल्याला सांगायचे राहून गेले. तो बिचारा इमानेइतबारे रोज पुडी अडकवत राहिला, आणि चोरी झाली त्या रात्री तिथे तीन पुड्या एकावर एक सुकत होत्या. याहून स्पष्ट पाटी कोणती? गणपतीच्या दिवसांत आपल्याकडच्या इमारतींतले अर्धे चाकरमानी गावी जातात हे चोरांनाही ठाऊक असते. त्यातले नेमके कोणते दार बंद आहे, एवढेच त्यांना शोधायचे असते. आम्ही चोरांना चकवण्यासाठी दिवाणखान्यात दिवाही लावून गेलो होतो, पण तो भर दुपारीही जळत असल्याने त्याने उलटीच साक्ष दिली. आता मी टायमरचा प्लग आणला आहे. दिवाणखान्यातला दिवा संध्याकाळी लागतो आणि साडेदहाला विझतो. किल्ली शेजारच्या काकूंकडे असते. त्या पुडी आणि पत्रके उचलतात, कधी उंबऱ्यापाशी रांगोळीची दोन बोटे ओढतात. पायपुसण्याखाली किंवा तुळशीच्या कुंडीत किल्ली ठेवण्याची आपली परंपरा मात्र आता सोड. आणि कणकवलीच्या आरतीचे फोटो स्टेटसला ठेवण्याचा मोह परत येईपर्यंत आवर. हे मुलींना तूच सांग, माझे नाव घेऊ नकोस.

सोसायटीच्या कॅमेऱ्यांवर फार भिस्त ठेवू नकोस. आमच्या जिन्यातला कॅमेरा इतका उंच बसवला होता की त्यात दोन टोप्यांखेरीज काहीही आले नाही. शिवाय जुने चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते. तुमच्याकडे ते किती दिवस राहते, हे सेक्रेटरींना आताच विचार, कारण तू बारा दिवसांनी परतणार आहेस. पोलीस ठाण्यात घर बंद राहण्याच्या तारखांचा साधा अर्ज देऊन ठेवावा, म्हणजे गस्तीवरच्यांच्या कानावर राहते. यात कमीपणा काही नाही. दारे नसलेल्या घरांसाठी प्रसिद्ध असलेल्या शनिशिंगणापुरातही 2015 मध्ये पोलीस ठाणे सुरू झाले, तिथे आपल्या सोसायट्यांची काय कथा!

आता दागिन्यांविषयी. गौरीसाठी लॉकरमधून काढलेली आईची बोरमाळ गावी नेण्याचे आयत्या वेळी रद्द केले आणि ती कपाटात ठेवली. कपाट त्यांना फोडावेही लागले नाही; किल्ली कपाटाच्याच माथ्यावर होती. तक्रार देताना वजन सांगता येईना, पावती आईच्या काळातली, कुठे गेली ते कोणाला माहीत नाही, आणि स्वतंत्र फोटो एकही नाही. भारतीय न्याय संहितेच्या 305 आणि 331 या कलमांखाली गुन्हा नोंदला गेला, पण बोरमाळ अजून परत आलेली नाही. तू प्रत्येक दागिन्याचा फोटो काढ, सराफाकडून वजन करून लिहून ठेव, आणि वहिनी जे घालणार नाहीत ते निघण्यापूर्वी लॉकरमध्ये परत जाऊ दे. लॉकरही सर्वस्वी निर्धोक नव्हे, हे ध्यानात असू दे. तिथे चोरी झाली, आग लागली किंवा बँकेच्या कर्मचाऱ्याने अपहार केला, तर 2022 पासून लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंतच असते. दोन हजार भाडे असेल तर दोन लाख. आजच्या सोन्याच्या भावात त्यात काय येते, ते तूच बघ. विम्याचेही तसेच आहे. घराच्या नेहमीच्या विम्यात आग, पूर, भूकंप असतात, पण घरफोडीचे संरक्षण बहुधा वेगळे घ्यावे लागते आणि मौल्यवान वस्तूंची रक्कम स्वतंत्र नोंदवावी लागते. घर सलग किती दिवस बंद ठेवता येते, याचीही मर्यादा अनेक पॉलिसींत असते. तेवढे कलम वाचून घे.

आणखी एक चूक लिहायला जड जाते. त्या दिवशी पोलीस येण्याआधी हिने रडत रडत विस्कटलेल्या साड्यांच्या घड्या घातल्या आणि कपाटाची दारे लोटून लावली. बोटांचे ठसे घेणारे आले तेव्हा कपाटावर ठसे होते ते तिचेच. मी तिला अडवले नाही, कारण त्या क्षणी तिला दुसरे काय करू द्यावे, हे मलाही सुचत नव्हते. देव न करो, पण परत आल्यावर दार उघडे दिसले, तर आत पाऊल न टाकता 112 ला फोन करा आणि जिन्यातच थांबा.

माझा सुतार येत्या रविवारी मोकळा आहे आणि डोंबिवलीला यायला तयार आहे; तो हो म्हणतो आहे तोवर त्याला बोलावून घे. त्याआधी एक काम कर. तुझ्या कोयंड्याचा एक स्क्रू काढ, पट्टीवर ठेवून मोज, आणि किती लांबीचा निघाला ते मला उलट टपाली कळव. वहिनींना नमस्कार, मुलींना आशीर्वाद.

तुझा,
विनायक