लॅमिंग्टन रोडवरच्या काकांना

आदरणीय काका,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण ज्यांनी कधी तुमच्या काउंटरवर एखादं सर्किट उघडून ठेवलंय, ते बरोबर ओळखतील.

माझा फोनो प्रीअँप, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरचा बारीक सिग्नल वाढवणारा घरी बनवलेला डबा, आता घूं करत नाही. काल रात्री कुमार गंधर्वांची एलपी लावली आणि तानपुऱ्याखाली दुसरा कुठलाही सूर नव्हता. इतके महिने होता. कुठलाही राग लावा, तो आपला घूं करत बसलेलाच. हम म्हणतात त्याला.

तुमच्याकडे येईपर्यंत काय काय ऐकलं! ज्याने पॉवर सप्लायचा तयार बोर्ड विकला, तो म्हणाला, "घरी बनवलं की हम येणारच." दुसऱ्याने मोठे कॅपॅसिटर टाकले, पैसे घेतले, घूं तसंच. तिसऱ्याने तर डबा उघडायच्या आधीच विचारलं, "मिस्टर नाही आले?" ते अजून डोक्यातून जात नाही.

आणि तुम्ही! बाहेरचं काही आत येऊ नये म्हणून इनपुट शॉर्ट केलंत, आउटपुट तुमच्या स्पीकरला जोडलंत आणि मेच्या त्या भर दुपारी डोक्यावरचा पंखा बंद केलात. ट्यूबलाइटही. काउंटरवर गिऱ्हाइकं खोळंबली होती. त्यांना म्हणालात, "दोन मिनिटं थांबा, ऐकू द्या." घामाच्या धारा लागलेल्या, तरी डोळे मिटून ऐकत राहिलात. मग तोच सूर तोंडाने धरून दाखवलात आणि म्हणालात, "जास्त आवाज पन्नासचा नाही, शंभरचा आहे. रेक्टिफायरकडे बघा."

काका, आकडे मला पाठ होते. विजेचे पन्नास हर्ट्झ, तिचं डीसी करणाऱ्या रेक्टिफायरनंतर शंभर. रेकॉर्ड कापताना खर्ज दाबलेला असतो, वाजवताना तो परत उचलायचा. किती, ते 1954 च्या आरआयएए कर्व्हने, रेकॉर्डवाल्यांच्या प्रमाण आलेखाने, ठरवून दिलंय. सुईच्या कार्ट्रिजमधून येणारे जेमतेम 5 मिलिव्होल्ट 1000 हर्ट्झला शंभर पट वाढवले, तर 100 हर्ट्झला तेच साडेचारशे पटींच्या आसपास जातात. ग्राउंडमधला कणभर कचराही मग ढोलासारखा वाजतो. पण हम कुठून येतोय हे त्याच्या सुरावरून कळतं, असं मला कुणी बसून सांगितलं नव्हतं.

त्या बोर्डावर सिग्नलचा ग्राउंड ब्रिज रेक्टिफायर आणि फिल्टर कॅपॅसिटर यांच्यामधल्या पट्टीवरून काढलेला निघाला. चार्जिंगचे झटके सेकंदाला शंभर वेळा जिथून जातात, नेमका तिथून. तो कॅपॅसिटरच्या पुढून घ्यायचा. एका वायरीचं काम. तेही तुम्ही केलं नाहीत, सोल्डरिंग गन माझ्या हातात दिलीत. "अँप तुमचा आहे, तुम्हीच लावा."

त्या दुकानदारांना तुमच्याइतकं येत नव्हतं, असं मला वाटत नाही. त्यांना फक्त ऐकायचं नव्हतं. नवख्या माणसासाठी स्वतःची गैरसोय करून घेणारी, त्याच्या प्रश्नाला प्रश्नच मानणारी माणसं ज्या गल्लीत बसतात, तिथे लोक हाताने काही बनवायला धजतात. मी धजले.

उरलेला बारीक पन्नासचा हमही गेला. तुम्ही म्हणालात तसा ट्रान्सफॉर्मर वेगळ्या डब्यात घालून मीटरभर लांब ठेवला. ऑप-अँप, म्हणजे सिग्नल वाढवणारी चिप, मात्र बदलत बसले नाही. 5532 च आहे आणि छान गातोय. आता डाव्या-उजव्या चॅनेलच्या वरच्या पट्टीत थोडा फरक वाटतो. 75 मायक्रोसेकंदवाल्या जागेचे, म्हणजे कर्व्हची वरची पट्टी ठरवणारे, कॅपॅसिटर तुमच्या मीटरवर जुळवून घ्यायला शनिवारी येते. मागच्या वेळी पैसे घेतले नव्हतेत, या वेळी घ्यावेच लागतील.

तुमची,
गिरगावची प्रीअँपवाली