श्टुटगार्टहून पत्र: शिंप्याचा स्नायू

श्टुटगार्ट, जर्मनी,
15 फेब्रुवारी

तीर्थरूप अण्णा आणि आईस,
शि. सा. न.

मी मजेत आहे. हे वाक्य आधी दोनदा वाचा, कारण पुढे एक गोष्ट अशी आहे जी मी फोनवर सांगितली नाही. फोनवर अण्णा दोन मिनिटांत "बरं, आईला देतो" म्हणून मोकळे होतात आणि आईची गाडी जेवलीस का याच्या पुढे सरकत नाही. म्हणून पत्र. धाकट्यानं वाचून दाखवताना मधलं काही गाळू नये.

तर गेल्या रविवारी आई म्हणाली, "उभी राहून का बोलतेस? खुर्ची नाही का घरात?" खुर्च्या आहेत, तीन आहेत. पण मी माकडहाडावर पडले होते. घाबरू नका, एक्स-रे काढला, काही मोडलेलं नाही. विमा असल्यामुळे एक पैसा लागला नाही. मध्ये भोक असलेली एक उशी दिली आहे, तिच्यावर बसते. फिजिओथेरपीच्या वर्गात ती काखेत मारून हिंडते आणि सगळे हसतात, पण त्याला माझी ना नाही.

पडले कशी, ते सांगायचं तर आधी इथली एक पद्धत सांगावी लागेल. ती मलाच अजून नीट कळलेली नाही. तिला म्हणतात केरवोखे. वोखे म्हणजे आठवडा, आणि केर म्हणजे, अण्णा, आपला केरच! म्हणजे त्यांच्या भाषेत 'केर' हे झाडण्याचं क्रियापद आहे, पण मला पहिल्या दिवशी वाटलं की कुणीतरी कऱ्हाडचाच माणूस येऊन नाव ठेवून गेला. आमच्या इमारतीत सहा बिऱ्हाडं. जिना सगळ्यांचा, म्हणून तो झाडून पुसायचा आठवडा आळीपाळीनं एकेकाकडे येतो. तुमचा आठवडा आला की आधीच्या बिऱ्हाडाचा माणूस तुमच्या दाराच्या मुठीला एक छोटी पाटी अडकवून जातो. बेल वाजवत नाही, बोलत नाही. सकाळी दार उघडावं तर पाटी लोंबतेय. पुढचे सात दिवस जिना तुमचा. त्यातही धाकटी केरवोखे म्हणजे आपल्या मजल्याचा जिना, आणि थोरली म्हणजे तळघर, अंगण, बाहेरचा फूटपाथ, पानं आणि बर्फसुद्धा. जिना स्वच्छ असला तरी पुसायचा. मी मालकीणबाईंना विचारलं, घाण नाही तर पुसायचं कशाला? त्या म्हणाल्या, आठवडा आहे म्हणून. आणि मी पुसत असताना वरच्या मजल्यावरचं दार बोटभर उघडतं, ते काय मला दिसत नाही? त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे हे दाढीवाला एबरहार्ड नावाच्या सरदारानं 1492 साली हुकूम काढला तेव्हापासूनचं आहे. 1988 मध्ये शहरानं सक्ती उठवली, तरी लोक सोडत नाहीत आणि भाडेकरारात ते लिहिलेलं असतंच. आई, तू रोज पहाटे सडा घालतेस ते कुणाच्या पाटीवाचून. इथे पाटी लागते, पण एकदा लागली की कलेक्टरसुद्धा जिना पुसेल.

तर अशी मी शनिवारी वरून खाली पुसत आले. आपल्याकडे लादी पुसताना मागे सरकतो तशीच सरकले, आणि मागे पायरी होती.

दोन दिवसांनी वर्गात नेमका पाठीचा कणा निघाला. मानेचे 7 मणके, पाठीचे 12, कमरेचे 5, आणि अगदी खाली तीन ते पाच बारके मणके जुळून झालेलं माकडहाड. बाईंनी विचारलं, हे कुठे असतं ते कोण दाखवेल? मी उशीवरून उठूनच दाखवलं.

अण्णा, तुम्ही विचारलं होतं की फिजिओथेरपी म्हणजे मालिशच ना, मग त्याला तीन वर्षं कशाला? त्या बोलण्याचा मला तेव्हा राग आला होता. तीन वर्षांत वर्गातले 2900 तास आणि रुग्णांबरोबरचे 1600, आणि शेवटी सरकारी परीक्षा. त्यातले 240 तास नुसती शरीररचना. मोठ्या माणसाच्या अंगात 206 हाडं, त्यातली 27 एका हातात. नुसती नावं पाठ करायची असती तर तीही झाली असती, पण जर्मनमध्ये 'बाइन' म्हणजे पाय, आणि जुन्या जर्मनमध्ये 'बाइन' म्हणजेच हाड. पुस्तकात गळ्याजवळच्या हासळीला श्ल्युसलबाइन लिहिलेलं, म्हणजे किल्लीचं हाड. मी पहिल्या आठवड्यात वहीत लिहून ठेवलं होतं, 'किल्लीचा पाय'. मनगटात आठ चिमुकली हाडं आहेत, ती लक्षात राहावीत म्हणून पोरांचं गाणं आहे: चांदण्यात होडी निघाली, त्रिकोणातून वाटाण्याला वळसा घालून गेली, असं काहीतरी. त्यात खरंच एक होडीचं हाड आहे, एक चंद्राचं आणि एक वाटाण्याचं. वाटाणा स्वतःचा स्वतःला सापडतो: करंगळीच्या खाली, तळहात संपून मनगट सुरू होतं तिथे चाचपडून पाहा. आई, तुलाही सापडेल, कणीक मळून हात धुतलेस की बघ.

कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं. करंगळीच्या बाजूचं ते एले. पूर्वी इथले कापडवाले एले याच मापानं कापड विकायचे. आजोबा 'दोन हात कापड' म्हणायचे ना, तेच. बाईंनी हे सांगितलं तेव्हा वर्गात कुणाला काही वाटलं नाही. मला मात्र दुकानातला तो लाकडी गज दिसला. दुसरं हाड चाकाच्या आऱ्यासारखं, ते एलेभोवती फिरतं म्हणून तळहात उलटासुलटा होतो. इथली मुलं ते सूप आणि पाव यांवरून लक्षात ठेवतात: तळहात वर म्हणजे ओंजळीत सूप, खाली म्हणजे पाव उचलला. मी माझी खूण केली आहे. तळहात वर म्हणजे तीर्थ घेतलं, खाली म्हणजे भाकरी थापली. तोंडी परीक्षेत चुकून 'तीर्थ' म्हणाले आणि मग त्याचा अर्थ सांगत बसावं लागलं.

परीक्षेचं आलंच आहे तर सांगते. मला 2 मिळाले. काकांना सांगण्याआधी हे समजून घ्या: इथे 1 म्हणजे सर्वांत उत्तम आणि 6 म्हणजे सर्वांत वाईट. पहिल्या चाचणीत 4 होते, जेमतेम पास. ते मी सांगितलं नव्हतं. आता सांगितलं.

आणि एक झालं. स्नायू स्वतःच्या अंगावर ओळखायचे असतात, म्हणून आम्ही काजळपेन्सिलीनं एकमेकींच्या हातापायांवर त्यांच्या कडा काढतो. (आई, माझी जोडीदारीण मुलगीच आहे. हाफपँट सगळ्याच घालतात, तो वर्गाचा गणवेशच समज.) बाईंनी जमिनीवर मांडी घालून बसायला सांगितलं. या बसण्याला इथे श्नायडरझित्स म्हणतात, म्हणजे शिंप्याची बैठक. अर्ध्या वर्गाचे गुडघे कानाशी आले. मी बसले. उशीशिवाय, आणि कुठे दुखलंही नाही. बाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, मी खाली दाबते, तू वर उचल. कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून मांडीवरून तिरपी एक दोरी टरारून उठली, ती गुडघ्याच्या आतल्या बाजूनं खाली गेली. शरीरातला सगळ्यांत लांब स्नायू. लॅटिनमध्ये सार्टोरियस, इथल्या भाषेत श्नायडरमुस्कल, शिंप्याचा स्नायू, कारण पूर्वीचे शिंपी असेच बसून शिवत. मी सांगितलं, माझे वडील अजून काज-बटणाला असेच बसतात. बाई म्हणाल्या, त्यांचाही दिसेल. मग सगळ्यांनी माझी मांडी बघून घेतली. इतकी कौतुकाची बैठक आयुष्यात कुणी मारली नसेल.

पण अण्णा, खांद्याचं. तुम्ही म्हणता कळ येते नि जाते. मागच्या खेपेला तुम्ही माळ्यावरून रिळांचा डबा काढत होतात, धाकट्यानं फोन तसाच धरला होता. तुमचा हात वर गेलाच नाही, आख्खा खांदा कानाकडे गेला. निरोगी माणसाचा हात डोक्यावर जातो तेव्हा सुमारे 180 अंश होतात, त्यातले 120 खांद्याच्या सांध्यात आणि 60 पाठीवरच्या पात्यात. तुमचं सगळं काम पातं करतंय. शाळेत उखळीचा सांधा शिकलो होतो तोच हा, फक्त खांद्याला उखळ फार उथळ आहे, म्हणून मुसळ चहूकडे फिरतं आणि म्हणूनच भोवतीच्या पडद्यावर सगळा भार. तो पडदा आखडला की हात अडकतो. साखर असलेल्यांना हे जास्त होतं. मी शिकाऊ आहे, चार महिन्यांची, माझं ऐकू नका, डॉक्टरांचं ऐका, पण जा. आणि तो बाजारातला हाडं बसवणारा, त्याच्याकडे मुळीच नको. तो ओढतो. आणि साखर तपासून घ्या. हे मी भांडण काढायला लिहीत नाही.

उजवा हात आहे म्हणून म्हणते. कात्रीचा.

खाण्यापिण्याचं बरं आहे. गोडा मसाला अजून अर्धा उरलाय. मी बारीक झालेले नाही, कॅमेऱ्यात तसं दिसतं.

विद्यावेतनातून भाडं, विमा आणि पास जाऊन उरतं त्यातले 20 हजार शनिवारी पाठवलेत. ते पतसंस्थेच्या हप्त्यात टाका, घरात मोडू नका. पिको-फॉलचं मशीन विकून मला धाडलंत, त्यावर मी विचारलं की अण्णा म्हणतात, आता साड्यांना पिको कोण करतं. आख्खं कऱ्हाड करतं, अण्णा. आई आता दुसऱ्याच्या दुकानात साड्या टाकून येते आणि जोडीला दहा रुपये सुटतात म्हणते, हे मला धाकट्यानं सांगितलंय, त्याला रागवू नका. जुनं मिळालं तरी पाहून ठेवा, उन्हाळ्यापर्यंत मी जमवते.

आत्यानं इचलकरंजीचं स्थळ आणलंय ते कळलं. फोटो बघितला. मुलगा वाईट नाही, मी वाईट म्हटलंही नाही. पण तीन वर्षं मधे सोडता येत नाहीत, आणि त्यांना सांगा की मी परदेशात शिकते म्हणजे हुंडा वाचला असा हिशेब मांडू नका. (हे आत्याला वाचून दाखवू नका.) अक्षय्य तृतीयेच्या लग्नाला येता येणार नाही, त्याच आठवड्यात तोंडी परीक्षा आहे. माझं ब्लाउज शिवू नका. शिवलंच असेल तर कपाटात राहू दे.

आज पाटी समोरच्यांच्या दाराला गेली. मीच अडकवून आले, बेल न वाजवता.

तुमची,
चिमी

ता. क. अण्णांनी उजवा हात पाठीमागे न्यावा आणि अंगठा वर कुठवर पोचतो ते धाकट्यानं खडूनं सदऱ्यावर खूण करून बघावं. मग डावा. दोन खुणांमधलं अंतर मेजरटेपनं मोजून कळवा. इंचात चालेल.