शालेय ग्रंथपालांना प्रशिक्षण त्यांच्याच दाखलनोंदवहीवर द्या

संपादक महोदय,

शालेय ग्रंथालयाच्या संगणकीकरणाचे काम अनेक शाळांत तीन-चारशे पुस्तकांपाशी येऊन अडते. संगणक असतो, सॉफ्टवेअर असते, बारकोड वाचणारे यंत्रही कपाटात असते. ग्रंथपालाला मिळालेले प्रशिक्षण मात्र सभागृहात बसवून, पडद्यावर चित्रे दाखवून दोन तासांत उरकलेले असते. हे प्रशिक्षण ग्रंथपालाच्या स्वतःच्या दाखलनोंदवहीवर, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाची क्रमांक देऊन नोंद केलेल्या वहीवर, झाले पाहिजे, अशी आमची मागणी आहे. काम नेमके कुठे बिघडते ते पाहिले की तिचे कारण कळेल.

पहिली अडचण संगणक सुरू करण्याआधीचीच आहे. वही संपून नवी उघडताना कधीतरी क्रमांक पुन्हा १ पासून सुरू केलेले असतात. भेट आलेल्या पुस्तकांची वही वेगळी, पुस्तकपेढीची वेगळी. त्यामुळे ४१७ हा दाखल क्रमांक तीन पुस्तकांवर सापडतो. सॉफ्टवेअर एका क्रमांकावर एकच प्रत घेते. दुसरी नाकारते आणि नोंद करणारा तिथेच थांबतो. यावर उपाय साधा आहे. सगळ्या वह्यांचे क्रमांक आधी एक्सेलमध्ये एका रकान्यात उतरवावेत, दुबार आलेले शोधावेत आणि त्या प्रतींना वहीच्या शेवटी नवे क्रमांक देऊन जुन्या नोंदीसमोर शेऱ्याच्या रकान्यात नवा क्रमांक लिहावा. जुना क्रमांक खोडू नये, कारण लेखापरीक्षणात तीच वही दाखवायची असते. वाळवी लागलेल्या आणि पाने गळालेल्या पुस्तकांचे निर्लेखनही (नोंदीतून कमी करणे) रीतसर मंजुरी घेऊन याच टप्प्यावर करावे. जी पुस्तके कपाटात राहणारच नाहीत त्यांची नोंद करण्यात महिना घालवू नये.

दुसरी अडचण मराठीची आहे, आणि प्रशिक्षणात तिच्याबद्दल जवळजवळ कुणीच बोलत नाही. जुन्या याद्या श्रीलिपीसारख्या, युनिकोड (सर्व संगणकांवर सारखी चालणारी अक्षरपद्धती) नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेल्या असतात. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर त्या उघडल्या की चिन्हांचा गोंधळ दिसतो. अशी यादी थेट सॉफ्टवेअरमध्ये चढवली तर शोध कधीच लागत नाही. ती आधी परिवर्तकातून (फॉन्ट बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) युनिकोडमध्ये आणावी आणि निदान दर पन्नासावी नोंद मूळ वहीशी ताडून पाहावी. जोडाक्षरे आणि रफार हमखास बिघडतात.

युनिकोडमध्येही एक खोच आहे. ‘ॲ’ हे अक्षर एका कळीने येते, तसेच ‘अ’वर चंद्र देऊनही येते. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, संगणकाला ती वेगळी असतात. ‘दऱ्या’मधला अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो, त्याचेही तेच. एकाने एका पद्धतीने नोंदवले आणि दुसऱ्याने दुसऱ्या पद्धतीने शोधले, तर पुस्तक कपाटात असून ‘उपलब्ध नाही’ असे उत्तर येऊ शकते. म्हणून एका शाळेत एकच कळफलक ठरवावा. आमच्या मते तो इनस्क्रिप्ट असावा, कारण विंडोज आणि लिनक्स दोन्हींत तो आधीपासून असतो. लेखकाच्या नावाचा नियमही भिंतीवर लावून ठेवावा: आडनाव आधी, मग स्वल्पविराम, आद्याक्षरांनंतर टिंब आणि एक जागा. तसे न केल्यास एकाच लेखकाची चार नावे तयार होतात.

एक्सेलमधल्या चुका ठरलेल्या आहेत. ‘००४१७’ लिहिले की सुरुवातीची शून्ये उडतात. पुस्तकावर छापलेला तेरा आकडी आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) अरुंद रकान्यात ‘९.७८ई+१२’ असा दिसतो, आणि त्याच रूपात सीएसव्ही (सॉफ्टवेअरमध्ये चढवायची साधी मजकूर फाइल) झाला तर मूळ आकडे परत मिळत नाहीत. नोंदी सुरू करण्यापूर्वीच दोन्ही रकाने ‘टेक्स्ट’ प्रकारचे करावेत. फाइल साधी ‘सीएसव्ही’ म्हणून जतन केली तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हे येतात. ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा पर्याय निवडावा लागतो. एवढ्या एका चुकीमुळे महिन्याभराचे काम पुन्हा करण्याची वेळ येते.

लेबलांबद्दलही थोडे सांगायला हवे. ए-४ कागदावर ६५ लेबले बसणारे स्टिकर स्वस्त पडतात, पण त्यावर ‘कोड ३९’ या प्रकारच्या बारकोडातला सहा आकडी क्रमांक कसाबसा मावतो, दोन्ही बाजूंची कोरी जागा उरत नाही आणि यंत्र वाचत नाही. ‘कोड १२८’ वापरला की तोच क्रमांक मोकळेपणाने बसतो. छपाई लेझर प्रिंटरवर करावी. इंकजेटची शाई पावसाळ्यात ओल्या हातांनी पसरते. दुकानातल्या पावतीसारखे थर्मल लेबल उन्हा-उष्णतेने पुसट होते, ते टाळावे. वरून पारदर्शक चिकटपट्टी लावावी आणि तोच क्रमांक शीर्षकपृष्ठामागे पेनाने लिहून ठेवावा. स्टिकर सोलण्याचा मोह कोणत्या मुलाला होत नाही?

सॉफ्टवेअर कोणते, हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, पण आमच्या मते तो इतका मोठा नाही. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने मुख्यतः सरकारी ग्रंथालयांसाठी तयार केलेल्या ‘ई-ग्रंथालय’ची चौथी आवृत्ती वेबवर चालते. शाळेत सर्व्हर सांभाळावा लागत नाही; इंटरनेट गेले की देवघेव तात्पुरती वहीत करावी लागते. ‘कोहा’ हे न्यूझीलंडमध्ये सुरू झालेले मुक्त सॉफ्टवेअर विनामूल्य आणि भक्कम आहे, पण ते लिनक्सवर चालते आणि त्याची निगा राखणारा माणूस लागतो. त्याच्या नेहमीच्या मांडणीत रोज रात्री राखीव प्रत निघते खरी, पण ती त्याच हार्ड डिस्कवर राहते आणि फक्त दोन दिवसांची. डिस्क गेली की सगळेच गेले. दर शनिवारी ती प्रत पेनड्राइव्हवर घेऊन मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावी, आणि सर्व्हरला यूपीएस हवाच. हजार-बाराशे पुस्तकांच्या शाळेने मात्र नीट बनवलेल्या एक्सेल यादीवर समाधान मानावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. सात रकाने पुरतात: दाखल क्रमांक, शीर्षक, लेखक, प्रकाशक, वर्ष, किंमत आणि वर्गांक (विषयानुसार पुस्तकाला दिलेला क्रमांक). ड्यूई दशांश वर्गीकरणात मराठी साहित्याचा वर्गांक ८९१.४६ आहे, कवितेला ८९१.४६१, नाटकाला ८९१.४६२, कथा-कादंबरीला ८९१.४६३. एका नोंदीला तीन मिनिटे धरली तर २००० पुस्तकांना १०० तास लागतात. रोज दोन तास मोकळे मिळाले तर ५० दिवस. हे तास वेळापत्रकात दाखवल्याशिवाय ‘काम का झाले नाही’ असे ग्रंथपालाला विचारू नये, विशेषतः तो अर्धवेळ असेल तर.

यादी झाली की वाचनसाहित्य वाढवण्याचे मार्ग मोकळे आहेत. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी गोष्टी खुल्या परवान्यात आहेत. श्रेयनामे कायम ठेवून त्या छापता येतात, भाषांतरितही करता येतात. कोरकू किंवा पावरी बोलणाऱ्या मुलांसाठी शिक्षक हे काम स्वतः करू शकतात. ‘किविक्स’ या मोफत सॉफ्टवेअरने मराठी विकिपीडिया एका संगणकावर उतरवून साध्या राउटरवरून वर्गाला देता येतो, इंटरनेटशिवाय. बालभारतीच्या पुस्तकांतल्या क्यूआर कोडमागचे साहित्यही ‘दीक्षा’ ॲपवर आधी उतरवून ठेवता येते.

राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद आणि जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था यांना आमची विनंती अशी. वीस ग्रंथपालांची एक तुकडी, दोघांत एक संगणक, सलग दोन दिवस. प्रत्येकाने आपल्या दाखलनोंदवहीतल्या पहिल्या १०० नोंदींची छायाचित्रे आणावीत आणि त्याच नोंदी तिथे पूर्ण कराव्यात. पंधरा दिवसांनी अर्धा दिवस फक्त अडचणींसाठी ठेवावा, कारण खरे प्रश्न शाळेत परतल्यावरच पडतात. तीन महिन्यांनी पुन्हा एक दिवस द्यावा, तो साठा पडताळणी आणि राखीव प्रतीसाठी. शिकवणारा सॉफ्टवेअर विकणारा नसावा. हे काम स्वतः पूर्ण केलेला ग्रंथपाल असावा. उपस्थितांना कर्तव्यरजा मिळावी. जिल्हा परिषदेच्या ज्या शाळांत ग्रंथपालाचे पद नाही, तिथे ग्रंथालय सांभाळणाऱ्या शिक्षकांसाठी केंद्राच्या (जवळपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत एक सत्र ठेवले, तरी एक्सेल यादी आणि कळफलक एवढे शिकवून होते.

पहिली तुकडी दिवाळीच्या सुटीनंतर लगेच घेतली, तर वार्षिक साठा पडताळणी नव्या यादीवर करता येईल.

– शालेय ग्रंथालयांच्या संगणकीकरणात काम करणारे काही ग्रंथपाल