रेल्वेमंत्री साहेब, आधी इगतपुरी-मनमाड मेमू वाढवा

मा. अश्विनी वैष्णव साहेब,
सप्रेम नमस्कार.

नाशिकहून लिहितोय. पुणे-नाशिक रेल्वेची बातमी इतकी वर्षं वाचतोय की आता लोक ती सोडून पुढचं पान वाचतात. आधी सिन्नर, संगमनेर, नारायणगावमार्गे २३५ किलोमीटरचा सेमी हायस्पीड मार्ग ठरला होता, मग खोडदच्या जीएमआरटी या मोठ्या रेडिओ दुर्बिणीला त्रास होईल म्हणून तो बदलायचं ठरलं आणि शिर्डीकडून न्यायचा विषय आला. दुर्बीण महत्त्वाची आहे, त्यावर वाद नाही. नाशिकच्या मेट्रो निओसाठी, म्हणजे रबरी टायरवर धावणाऱ्या छोट्या मेट्रोसाठी, २०२१ च्या बजेटमध्ये २०९२ कोटी जाहीर झाले होते, त्याचीही आम्ही वाटच बघतोय. पण आज मागणं वेगळं आहे, असलेल्या रुळांवर मेमू वाढवा, मेमू म्हणजे वेगळं इंजिन न लावता विजेवर धावणारी लोकलसारखी गाडी. रूळ तर आधीच टाकलेले आहेत.

इगतपुरी ते मनमाड, जेमतेम सव्वाशे किलोमीटर. घोटी, अस्वली, लहवित, देवळाली, नाशिकरोड, ओढा, खेरवाडी, कसबे सुकेणे, निफाड, उगाव, लासलगाव... स्टेशनं आहेत, वर वायर आहे, आणि या छोट्या स्टेशनांवर थांबणाऱ्या गाड्या मात्र दिवसभरात मोजक्याच. एक चुकली की पुढचे कित्येक तास काही नाही.

सकाळी सुकेण्याला उभं राहून बघा एकदा. कॉलेजच्या पोरी, अंबड-सातपूरला कंपनीत जाणारे, सिव्हिलला दाखवायला निघालेले म्हातारे. गाडी गेली की सगळे फाट्यावर, एसटी आली तर ठीक नाहीतर जीपमध्ये दाटीवाटीनं. संध्याकाळचं तर त्याहून अवघड, माझ्या ओळखीत अशी घरं आहेत जिथं परतीची गाडी नाही म्हणून मुलीचा सातचा क्लास बंद केला. हुशार मुलगी आहे हो, आणि अडलं कशावर तर गाडीवर.

वेळेवर धावणारी एक गाडी काय करते ते आम्ही पंचवटी एक्सप्रेसमध्ये बघितलंय. १९७५ पासून ती आहे, पासवाले रोज सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडला चढतात, मुंबईत नोकरी करून घर नाशिकलाच ठेवता आलं ते तिच्यामुळं. तसंच आता जिल्ह्यातल्या जिल्ह्यात पाहिजे.

मुंबईची लोकल वर आणायची म्हटलं की कसारा घाट आडवा येतो, १:३७ चा चढ, म्हणजे ३७ मीटरला एक मीटर, गाड्यांना मागून ढकलायला बँकर, म्हणजे जादा इंजिनं, लावावी लागतात. पण इगतपुरी घाटाच्या वर आहे, तिथून मनमाडपर्यंत तसला घाटच नाही. मेमूला स्वतःची मोटर असते, पटकन वेग घेते, पटकन थांबते, शेवटच्या स्टेशनला इंजिन फिरवत बसावं लागत नाही, जवळजवळच्या स्टेशनांसाठी हीच गाडी बरोबर आहे. अडचण लाईनची आहे हे कळतं, उत्तरेकडच्या कितीतरी गाड्या आणि मालगाड्या याच दोन लाईनवरून, म्हणून पॅसेंजर साईडला टाकून एक्सप्रेस पुढं काढतात. त्यावर उपाय तिसरी-चौथी लाईन, ती लवकर कराच, पण तोपर्यंत निदान सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी पाच ते नऊ तासाला एक मेमू दोन्ही बाजूंनी सोडा आणि त्या वेळात तिला साईडला टाकू नका.

शेतमाल नेणारी देशातली पहिली किसान रेल ७ ऑगस्ट २०२० ला आमच्या देवळालीहूनच सुटली होती, म्हणजे मनावर घेतलं की होतं हे आम्हाला माहितीये.

आणखी एक. नाशिकरोड स्टेशन ते शहरातला सीबीएस बसस्टँड नऊ-दहा किलोमीटर, मध्ये द्वारकाचं ट्रॅफिक. मेमूच्या टायमाला महापालिकेच्या सिटीलिंकची बस स्टेशनच्या दारात उभी पाहिजे आणि दोन्हीला मिळून एकच पास चालला पाहिजे. हे महापालिकेचं काम आहे, पण तुमच्या अधिकाऱ्यांनी त्यांच्याबरोबर बसून टाईमटेबल लावल्याशिवाय होणार नाही.

२०२७ च्या सिंहस्थासाठी तुम्ही जादा गाड्या आणणारच. पर्वण्या, म्हणजे मुख्य स्नानाचे दिवस, झाल्या की त्यातल्या दोन-तीन मेमू गाड्या परत नेऊ नका, इथंच ठेवा. आणि सिंहस्थाची वाट न बघता संध्याकाळची एक गाडी तर येत्या टाईमटेबलमध्येच टाका, नाशिकरोडहून साडेआठला, मनमाडकडं, सगळ्या स्टेशनांवर थांबणारी.

आपला,
नाशिकरोडचा एक प्रवासी