बाबा, हातांबद्दल थोडं

तीर्थस्वरूप आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

बाबा, फोनवर तुमच्या हातांचा विषय काढला की तुम्ही "बरं आहे गं" म्हणून फोन आईकडे देता. म्हणून लिहायला बसले.

मी सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला सोलापूरला आले होते तेव्हा संमती कट्ट्यापाशी अक्षता टाकताना तुम्ही बाराबंदीची बाही बोटांपर्यंत ओढून धरली होती. निम्म्या अक्षता बाहीतच अडकल्या. रात्री तुम्ही भाकरी मोडताना मी नीट पाहिलं. पेरांवर भेगा, आणि बोटांपासून मनगटापर्यंत पांढरे ठिपके. हातमोज्याची कड जिथे येते तिथे ते थांबतात. त्याच्या वर एकही नाही.

इथल्या एका त्वचेच्या डॉक्टरांना फोटो दाखवले. फोटोवरून निदान करणार नाही म्हणाले, पण पहिला प्रश्न विचारला: वडील काम काय करतात? आपल्याकडे दोन वर्षं तीन ट्यूबा लिहून दिल्या गेल्या, हे कुणी विचारलंच नाही.

सूत रंगवताना तुम्ही वापरता त्या कॉस्टिक आणि हायड्रोस या रसायनांचं पाणी कातडीतलं तेल ओढून घेतं, मग कातडी तडकते. त्यावर तुम्ही रंग निघावा म्हणून सुटी होताना ब्लीचिंग पावडरने हात धुता. बाबा, ते आजपासून बंद करा. रंग राहिला तर राहू दे, चार दिवसांनी जातोच. साध्या पाण्याने, साध्या साबणाने धुवा आणि ओलसर असतानाच खोबरेल लावा. ॲलर्जी मात्र वेगळी. ती एखाद्या रंगाची असू शकते किंवा खुद्द रबराच्या मोज्याचीही. ती एकदा जडली की थोडासा स्पर्शही पुरतो.

पांढऱ्या डागांचं ऐकून मी थक्क झाले. १९३९ च्या सुमारास अमेरिकेतल्या एका चामड्याच्या कारखान्यात कामगारांच्या हातांवर असेच डाग उठले, जिथे मोजे तिथेच. रबरात घातलेलं एक रसायन कातडीला रंग देणाऱ्या पेशींना मारत होतं. जपानमध्ये २०१३ मध्ये गोरेपणाच्या क्रीममधल्या अशाच एका घटकाने हजारो जणांना डाग पडले. क्रीम बंद केल्यावर त्यातल्या बऱ्याच जणांचा रंग हळूहळू परतला. तुमचं तसंच आहे असं मी म्हणत नाही. नुसती जळजळ बरी झाल्यावरही कातडी फिकी पडते, काही ट्यूबांनीही पडते, आणि कोडही असू शकतं. ते तपासल्याशिवाय कळणार नाही.

आई, तू बाबांचं आंबट आणि दही बंद केलंस ते परत सुरू कर. माशावर दूध प्यायल्यानेही हे होत नाही. आणि कोड असलं तरी ते कुणाला लागत नाही. धाकटीच्या स्थळाची तुला काळजी वाटते, म्हणून पाहुणे आले की तू बाबांना आतल्या खोलीत बसवतेस, हे ती मला सांगते. असं करू नकोस गं. याच हातांनी रंगवलेल्या सुतावर आम्ही दोघी शिकलो.

बाबा, एक काम करा. रंगखात्यातल्या ड्रमांवरची, पोत्यांवरची लेबलं मोबाइलवर टिपा. मोज्याच्या पाकिटाचाही फोटो काढा. सुट्टीत हात बरे वाटतात का, तेही आठवून ठेवा. डॉक्टरांना याचा फार उपयोग होतो. ॲलर्जी कशाची ते शोधायच्या पॅच टेस्टमध्ये पाठीवर पट्ट्या चिकटवतात, दोन दिवसांनी काढून बघतात आणि नंतर एकदा पुन्हा बघतात. तोवर पाठीला पाणी लावायचं नाही, म्हणून तशीच रजा टाका. मुकादम काही बोलेल याची भीती नको. रसायनांमुळे होणारा त्वचारोग १९४८ च्या कारखाना कायद्यातच कामाचा आजार म्हणून नोंदलेला होता. ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड कपाटात आईच्या साड्यांखाली आहे, ते बाहेर काढून ठेवा.

शुक्रवारी हुतात्मा एक्सप्रेसने येते. सोमवारी सकाळी सिव्हिलच्या त्वचा विभागात आपण दोघं जाऊ. केसपेपरच्या रांगेत मी उभी राहीन.

तुमची,
थोरली

ता. क. आई, शेंगाचटणी थोडी जास्त कर, मला डब्यात न्यायची आहे.