सह्यांपुरत्या उरलेल्या सुरक्षा सूचना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोठ्या बांधकामांवर सकाळी कामाला हात लागण्यापूर्वी मजुरांना एकत्र करून पाच-दहा मिनिटे सुरक्षेच्या सूचना देण्याची पद्धत पुणे, ठाणे, मुंबई परिसरात आता रुळली आहे. साइटवर तिला ‘टूलबॉक्स टॉक’ किंवा नुसते ‘टीबीटी’ म्हणतात. पद्धत चांगली आहे. परंतु बऱ्याच ठिकाणी ती केवळ सह्या गोळा करण्यापुरती उरली आहे आणि ज्या लहान बांधकामांना तिची सर्वाधिक गरज आहे तेथे ती पोहोचलेलीच नाही, याकडे आपल्या दैनिकाद्वारे संबंधितांचे लक्ष वेधू इच्छितो.

हजेरी चालू असते, मिक्सर सुरू झालेला असतो आणि सुपरवायझर छापील कागदावरची तीच दहा-बारा वाक्ये हिंदीतून वाचत असतो. हेल्मेट घाला, बेल्ट लावा, तंबाखू खाऊ नका. समोर मालदा-मुर्शिदाबादकडचे बंगाली गवंडी असतात, झारखंडहून आलेले संथाली बोलणारे बिगारी असतात, कलबुर्गी-रायचूरकडची कुटुंबे असतात आणि नांदेड-परभणीचे आपले लोकही असतात. कोणाला काय समजले हे विचारायला कोणी थांबत नाही, कारण तोवर रजिस्टर फिरू लागलेले असते. सही किंवा अंगठा झाला की सूचना दिली गेली असे धरले जाते. पुढे दुर्दैवाने अपघात झालाच, तर त्याच पानाची झेरॉक्स सर्वांत आधी बाहेर येते आणि ‘आम्ही सांगितले होते, त्यानेच ऐकले नाही’ असा तिचा उपयोग होतो. मजुराच्या जिवासाठी सुरू झालेली पद्धत अशा रीतीने ठेकेदाराच्या बचावाचे साधन होते, हे मला सर्वाधिक आक्षेपार्ह वाटते.

पाच मिनिटांत खरे तर एकच गोष्ट नीट सांगता येते आणि ती त्या दिवसाच्या कामाशी निगडित असावी लागते. सेंटरिंग, म्हणजे स्लॅबखालचा तात्पुरता साचा, खोलून साहित्य वरच्या मजल्यावर चढवायचे असेल, तर स्लॅबमधील डक्टवर, म्हणजे पाइप वगैरेंसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीवर, झाकलेली प्लाय हाच त्या दिवसाचा विषय. खाली डक्ट आहे हे ठाऊक नसलेला मजूर ती सुटी पडलेली प्लाय समजून दोन्ही हातांनी उचलतो, ती समोर धरल्यामुळे त्याला पायाखालचे दिसत नाही आणि पुढचे पाऊल थेट पोकळीत पडते. असे अपघात बांधकाम क्षेत्रातील कोणालाही नवे नाहीत. त्यावर उपाय म्हणजे मजुरांना प्रत्यक्ष त्या डक्टपाशी न्यावे, खिळे ठोकून पक्की केलेली आणि लाल रंगाची फुली मारलेली प्लाय दाखवावी, आणि मुकादमाला विचारल्याशिवाय तिला हात लावायचा नाही असे त्यांच्या भाषेत सांगावे. बेल्टचेही तसेच आहे. हुक कुठे अडकवायचा हे दाखवले नाही, तर मजूर ज्या परांचीवर उभा आहे तिच्याच पाइपाला तो अडकवतो. परांची गेली की तोही गेला. ही कामे सेफ्टी ऑफिसरपेक्षा गँगचा मुकादम अधिक चांगली करू शकतो, कारण त्याची भाषा मजुरांचीच असते आणि त्याचे ऐकण्याची सवयही. प्रशिक्षण द्यायचे तर ते आधी त्याला द्यायला हवे.

या पाच मिनिटांत मजुरांनाही बोलता आले पाहिजे. ३ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री पुण्यात येरवड्यातील एका बांधकामावर सळयांची जाळी कोसळून ५ मजूर मृत्युमुखी पडले. त्या घटनेच्या कारणांविषयी मला येथे काही म्हणायचे नाही; पण जाळी हलते आहे, जाळीला आधार देणाऱ्या खालच्या ‘चेअर’ (वाकवलेल्या सळया) कमी पडत आहेत, टेकू सरकला आहे, हे कोणत्याही साइटवर सर्वांत आधी सळया बांधणाऱ्या फिटरला जाणवते, इंजिनीअरला नव्हे. ते त्याने बोलून दाखवावे, त्यासाठी कोणी त्याची रोजंदारी तोडू नये आणि शंका दूर होईपर्यंत काम थांबवावे, एवढे तरी सकाळच्या बैठकीत ठरायला हवे.

अर्थात सूचनांनी सर्व काही टळते असा माझा दावा नाही. १० सप्टेंबर २०२३ रोजी ठाण्यात बाळकुम येथे ४० मजली इमारतीची लिफ्ट कोसळून ७ कामगार दगावले. लिफ्टमध्ये उभ्या असलेल्या माणसाला कितीही सूचना दिल्या तरी तो काय करणार? यंत्राची तपासणी, जाळ्या, कठडे, मजबूत परांची ही जबाबदारी मालकाची आहे आणि रोजच्या सूचना हा तिला पर्याय होऊ शकत नाही.

लहान बांधकामांचे दुखणे वेगळे आहे. सुरक्षा अधिकारी नेमण्यासाठी १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात ५०० कामगारांची अट होती. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ती २५० वर आणली. सोसायटीच्या पुनर्विकासाच्या सात मजली कामावर एवढे कामगार नसतात, पण पडायला सात मजले पुरेसे असतात. शिवाय तेथील सेंटरिंग आणि प्लास्टर बहुधा उक्ते दिलेले असते. चौरस फुटावर पैसे मिळणाऱ्या गँगला सूचनांची दहा मिनिटे स्वतःच्या खिशातून जात आहेत असे वाटले, तर त्यात त्यांचा दोष नाही. हा वेळ दरात धरला गेला पाहिजे; सरकारी कामांच्या अंदाजपत्रकात त्याची स्वतंत्र बाब असावी. बांधकाम खर्चाच्या १ टक्का कामगार कल्याण उपकर परवानगीच्या वेळीच वसूल होतो, आणि त्यातून कल्याणकारी मंडळ नोंदीत कामगारांना सुरक्षा संचही देते. संचातला बेल्ट कसा बांधायचा हे दाखवणारा माणूस त्याच पैशातून छोट्या साइटवर का पाठवता येऊ नये?

यासाठी आणखी एक रजिस्टर मात्र कृपया सुरू करू नये. महापालिकेचे अभियंते जोते तपासणीला येतात, कामगार खात्याचे निरीक्षकही अधूनमधून येतात. त्यांनी ठेकेदाराच्या कार्यालयात बसून वही तपासण्याऐवजी वर काम करणाऱ्या कोणत्याही तिघांना बाजूला घेऊन, लागल्यास दुभाष्या घेऊन, आज सकाळी तुम्हाला काय सांगितले एवढेच विचारावे. तिघांपैकी एकालाही सांगता आले नाही, तर त्या दिवशीच्या सह्या ग्राह्य धरू नयेत आणि तसा शेरा अहवालात नोंदवावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता, पुणे