विश्वस्त झालेल्या मुलीस

ठाणे,
रविवार

चि. लिआ हिस आईचे अनेक आशीर्वाद.

काल शनिवारी शब्बाथ संपवणारी हवदालाची प्रार्थना झाल्यावर तुझा फोन आला, आपल्या ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, गावच्या सिनेगॉगच्या ट्रस्टवर तुझी बिनविरोध निवड झाल्याचे तू सांगितलेस, आणि मी अभिनंदन करण्याऐवजी "कशाकशावर सह्या केल्यास?" असे विचारले, तेव्हा तू फोन ठेवलास. तो प्रश्न मी आजही मागे घेत नाही. परंतु फोनवर तो जितका कोरडा वाटला तितका तो माझ्या मनात नव्हता, म्हणून हे पत्र लिहिते आहे. तुझे बाबा म्हणतात, पोरीला दोन दिवस आनंदात राहू दे. त्यांनी स्वतः मात्र रात्रीच इस्राएलात बेरशेबाला दादाला आणि लोदला आत्याला बातमी पोचवली, आणि आज सकाळी शेजारच्या कुलकर्ण्यांना "आमची लिआ ट्रस्टी झाली" हे दोनदा सांगून आले.

आनंद मलाही झाला आहे, आणि तो लहान नाही. आपल्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातल्या डॉ. जेरुशा झिराड यांनी १९२५ साली मुंबईत ज्युइश रिलिजस युनियन ही उदारमतवादी संस्था उभी करण्यात पुढाकार घेतला, कामा हॉस्पिटलचा कारभार वर्षानुवर्षे सांभाळला, १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. असे असूनही आपल्या गावच्या ट्रस्टच्या यादीत आजवर एकाही बाईचे नाव नव्हते. मिन्यानला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेच्या गणपूर्तीला, दहा पुरुष मोजताना मी लहानपणापासून मागच्या बाकावरून पाहत आले, आणि नववा आल्यावर दहाव्यासाठी सगळ्यांच्या माना दाराकडे वळत तेव्हा आपण तिथे बसलेलो असूनही मोजणीत नाही याची चुटपुट मला दर वेळी लागत असे. आता तुझे नाव धर्मादाय कचेरीच्या शेड्यूल वनवर, म्हणजे ट्रस्टच्या सरकारी नोंदपत्रावर, चढेल. तुझ्या आजोबांना हे पाहायला मिळायला हवे होते.

परंतु नाव चढते ते सहीने, आणि माझे मन तिथेच अडते. मोठ्या काकांचे काय झाले हे तुला अर्धेच ठाऊक आहे, कारण घरात त्याविषयी बोलायचे नाही असे ठरले होते. ते ज्या दुसऱ्या ट्रस्टवर होते त्याचे नाव मी इथेही लिहिणार नाही. तिथल्या मंडळींनी सभेचे इतिवृत्त टाइप करून घरी पाठवले. काकांनी पहिले पान वाचले, चहा घेता घेता शेवटच्या पानावर सही केली, आणि मधल्या पानावर मागच्या अंगणाची जागा विकसनासाठी देण्याचा ठराव होता. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे ट्रस्टची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही, तीन वर्षांहून अधिक काळ भाड्यानेही देता येत नाही, हे त्या ठरावात कुठेच नव्हते. पुढे तारखा सुरू झाल्या. ज्या माणसाने त्या व्यवहारातला एक पैसाही घेतला नाही, त्याला नातेवाइकांच्या लग्नात लोक बाजूला घेऊन "खरे काय ते सांगा" असे विचारू लागले. तेव्हापासून काकांनी सणालाही सिनेगॉगमध्ये येणे सोडले.

म्हणून मी विचारले. तू पहिली सही संमतिपत्रावर करशील, दुसरी विश्वस्त बदलल्याचे कळवणाऱ्या चेंज रिपोर्टबरोबरच्या कागदांवर, तिसरी बँकेच्या नमुना सहीच्या कार्डावर, आणि या तिन्ही सह्या एकाच संध्याकाळी, "आपलीच माणसे आहेत" असे म्हणत, खुणेच्या फुल्या मारलेल्या जागी तुझ्याकडून घेतल्या जातील. माझी सारी नोकरी बँकेत गेली. फुली मारलेल्या जागी सही करणारी कितीतरी शहाणी माणसे मी काउंटरच्या अलीकडून पाहिली आहेत.

सही करण्याआधी शेड्यूल वनचा ताजा उतारा माग. त्यावर सध्या कोणाची नावे आहेत ते बघ, कारण कित्येक ट्रस्टांच्या उताऱ्यावर वारलेल्या आणि इस्राएलला गेलेल्या माणसांचीच नावे असतात. विश्वस्त बदलल्यापासून नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. मागच्या वेळचा दिला होता का आणि मंजूर झाला का, हे विचार, कारण ती साखळी मध्येच तुटली असेल तर तुझी निवड हवेत राहते आणि उद्या दुसरा गट आपली वेगळी यादी घेऊन उभा राहतो. मागच्या तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट माग आणि ताळेबंदापेक्षा त्यामागचे ऑडिटरचे शेरे आधी वाच. घटनेची प्रत माग. गणपूर्ती किती, मुदत किती, आजीव विश्वस्त किती, हे त्यात सापडेल. आणि एक गोष्ट कोणी सांगणार नाही म्हणून मी सांगते: लोदची आत्या दर वर्षी येते तेव्हा दिव्याच्या तेलासाठी म्हणून सिनेगॉगच्या कारभाऱ्याच्या, गब्बाईच्या हातात पाकीट ठेवते. आत्या आता इस्राएलची नागरिक आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ते पाकीट विदेशी अंशदान ठरते, आणि एफसीआरएची, म्हणजे विदेशी अंशदान कायद्याखालची, नोंदणी नसलेल्या ट्रस्टला ते घेताच येत नाही. नोंदणी असली तरी तो पैसा आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा व्हावा लागतो. २०२० च्या दुरुस्तीपासून तसा नियमच आहे. भारतीय पासपोर्ट राखून दुबईत नोकरी करणाऱ्या डॅनीमामाचे पैसे मात्र चालतात. आत्याला हे समजावून सांगण्याची वेळ येईल तेव्हा मला पुढे करू नकोस.

हे पत्र सूचनापत्रासारखे होऊ लागले आहे. तू पुण्याला चाळीस माणसांचे काम पाहतेस, तुला सभा चालवता येते, हे मी विसरले नाही. रागावू नकोस.

खरे म्हणजे हे सारे मला कोणी समोर बसवून शिकवले नव्हते. सणाच्या दिवशी सिनेगॉगमध्ये पोथ्यांचे कपाट म्हणजे हेखाल उघडण्याचा मान, तोराची गुंडाळी म्हणजे सेफर उचलण्याचा मान यांची बोली लागायची, आणि सणाला व शब्बाथला लिहायचे नाही, त्यामुळे कोणी किती बोलले ते आजोबांना मनात ठेवावे लागे. घरी आल्यावर आकाशात तीन तारे दिसेपर्यंत ते मला आणि डॅनीमामाला विचारत राहत: पेणवाल्यांनी किती बोलले, रोह्याच्या पाहुण्यांनी दिव्यासाठी किती? आमची दोघांची उत्तरे जुळली नाहीत तर आजीला विचारले जाई, आणि आजी मागच्या बाकावर बसूनही सर्वांत बरोबर सांगे. मग दिवा लागला की लाल कापडी बांधणीची चोपडी निघे. जमा एका बाजूला. सिनेगॉगची देखभाल करणाऱ्या शम्माशचा पगार, तेल, चुना, गळक्या कौलांची डागडुजी दुसऱ्या बाजूला. बेरीज मी करायची. वरून खाली एकदा आणि खालून वर एकदा, आणि दोन्ही जुळल्या तरच पानाच्या तळाशी मला माझे आद्याक्षर घालू देत. एकदा साडेचार रुपयांचा फरक पडला तेव्हा त्यांनी मला जेवणानंतर पुन्हा बसवले. फरक सापडला तो त्यांच्याच नोंदीत होता, आणि त्यांनी तो तिथेच माझ्यासमोर खोडून तारीख घातली.

तू ज्याला नेतृत्व घडवणे म्हणतेस ते माझ्या लेखी त्या चोपडीशेजारी बसण्यात आहे, आणि आपल्या समाजात नेमके तेच नाहीसे झाले. जेडीसी ही अमेरिकन ज्यू मदतसंस्था इथे १९६४ पासून आहे. तिच्या शिबिरांनी तुला हिब्रू गाणी दिली, मैत्रिणी दिल्या, चारचौघांत उभे राहून बोलायला शिकवले, त्याचे मोल मी कमी करत नाही. पण शिबिरातून स्वयंसेवक तयार होतात, आणि स्वयंसेवकाकडून आपण खुर्च्या मांडून घेतो, मलिद्याचे, म्हणजे आपल्या प्रसादाचे, ताट फिरवून घेतो, फेसबुकवर फोटो टाकून घेतो, आणि सभेच्या वेळी त्याला बाहेर बसवतो. मग एके दिवशी तीन विश्वस्त एकाच वर्षात जातात, गणपूर्ती होईना म्हणून धावपळ होते, आणि ज्याने कधी ताळेबंद पाहिला नाही त्याला एकदम विश्वस्त करून त्याच्यापुढे कागद सरकवले जातात. तुझ्या बाबतीत असेच झाले आहे, हे तुलाही ठाऊक आहे.

आपल्या शास्त्रात हा विचार झालेला नाही असे नाही. तोरातल्या निर्गम या ग्रंथाच्या अठराव्या अध्यायात इथ्रो आपल्या जावयाला, मोशेला सांगतो की तू एकट्याने हे करू नकोस, हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर माणसे नेम. आणि अडतिसाव्या अध्यायात निवासमंडपाच्या सोन्या-रुप्याचा हिशेब मोशेच्या हुकमाने मांडलेला आहे. प्रत्यक्ष मोशेच्या कारभाराचा हिशेब लिहिला गेला, तर आपल्या खजिनदारांनी तो मागितल्यावर नाराज होण्याचे कारण नाही. मिश्ना या आपल्या जुन्या नियमग्रंथात तर दान गोळा करायला किमान दोघे आणि वाटायला किमान तिघे हवेत असा नियमच आहे. बँकेत चेकवर दोन सह्या का लागतात हे मी नव्या मुलांना समजावत असे तेव्हा हा नियम मला आठवायचा, पण तिथे कोणाला सांगणार?

म्हणून पहिल्या सभेत काही मागायचेच असेल तर पद मागू नकोस, जोडीदार माग. तुझ्या वयाचे आणखी दोघे निमंत्रित म्हणून सभेला बसू देत. मत नसले तरी चालेल, त्यांनी कागद वाचावेत, वर्षभर खजिनदारांच्या शेजारी बसून पावत्या लावाव्यात. एक तरुण मुलगी मंडळावर घेतली की वडीलधाऱ्यांना आपण बदललो असे वाटते, आणि तिने प्रश्न विचारला की "हिला काय कळते" असे म्हणायला तेवढे पुरते. तिघे असलात तर तसे म्हणणे कठीण जाते. विश्वस्तांना ठरावीक मुदत असावी हेही मांड, पण ते दुसऱ्या वर्षी. पहिल्याच सभेत मांडलेस तर ते सर्वजण आपल्याला घालवण्याचा डाव समजतील, आणि तुझ्यापुढचे कागद आणखी घाईने सरकवतील.

पुन्हा सहीवरच आले.

भीती सहीची असली तरी तिच्या मागे दुसरे काही आहे, तेही लिहून टाकते. सारा भारत धरून २००१ च्या जनगणनेत आपण ज्यू ४,६५० होतो. गावात आता जी घरे उरली आहेत त्यांतल्या माणसांची नावे तू एका दमात सांगू शकतेस. कोलकात्याला भव्य सिनेगॉग उभी आहेत आणि त्यांत मिन्यान जमत नाही. मुंबईत हाइम सॅम्युएल केहिमकरांनी १८७५ साली आपल्या मुलांसाठी जी शाळा काढली, ती आज सर एली कदूरी शाळा म्हणून नीट चालते, शेकडो मुले शिकतात, परंतु त्यांत आपली मुले शोधावी लागतात. ती शाळा टिकली याचे मला खरोखर कौतुक वाटते, कारण संस्था ज्यांच्यासाठी काढली ते गेल्यावरही ती उपयोगी पडू शकते. आपले गावचे सिनेगॉग असे कोणाच्या उपयोगी पडेल, हे मला दिसत नाही. दादा परत येणार नाही. तूही कधी जाशील की नाही, हे मी विचारत नाही. पण राहिलीस, आणि बाकीचे सहा एकेक करून गेले, तर दिव्यापासून दफनभूमीच्या कुंपणापर्यंत प्रत्येक कागदावर एकटी तुझीच सही असेल, आणि तेव्हा जागेवर डोळा ठेवून येणारे लोक मोठ्या काकांकडे आले त्यांच्यापेक्षा जास्त गोड बोलणारे असतील. तुला सल्ला विचारायला घरात कोणी असावे म्हणून तरी मला अजून बरीच वर्षे धडधाकट राहायला हवे. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचे तू म्हणतेस ते मी मनावर घेते.

बाबांनी तुझ्या नावाने मलिदा करायचा घाट घातला आहे. पोहे, नारळ, गूळ आणि फळे मी आणीन. प्रार्थना चालवणाऱ्या हज्जानांना सांगायचे काम त्यांचे. तू सुकोथच्या सणाआधीच्या रविवारी येऊ शकतेस का ते कळव. येताना घटनेची झेरॉक्स घेऊन ये. आजोबांची चोपडी माळ्यावरच्या ट्रंकेत आहे, ती तुझ्याकडे राहू दे. तिच्यात जागेच्या चतुःसीमा आजोबांच्या अक्षरात लिहिलेल्या आहेत आणि त्या शेड्यूल वनशी ताडून पाहायला उपयोगी पडतील.

पहिल्या सभेचे इतिवृत्त सहीसाठी तुझ्याकडे येईल, तेव्हा त्याच दिवशी परत देऊ नकोस. वाचायला दोन दिवस लागतील असे शांतपणे सांग आणि प्रत्येक पानाचा फोटो मला पाठव. मी मधली पाने आधी वाचीन, आणि काही खटकलेच तर तुला रात्री फोन करीन. तो ठेवू नकोस.

तुझी,
आई